तात्यांचा दहावा टप्पा

माधवनगर,
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

ती. तात्या,

ऋषिराजचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी बरा आहे, दोन वेळचं खातोय, केसही कापलेत. आईच्या गुडघ्याचं क्रांतीताईकडून कळतं. तुम्ही माझा फोन घेत नाही म्हणून कागदावर लिहितोय, आणि पोस्टानं उद्या सकाळपर्यंत पोचायचं नाही म्हणून स्वतःच घेऊन येतोय. समोर उभा राहिलो की माझं तोंड उघडत नाही, ते तुम्हाला माहीत आहे.

सध्या इलाहीचाचांच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आहे. त्याआधी गोव्याला हॉटेलात होतो, त्याच्याआधी इचलकरंजीला मागावर. चाचा म्हणतात, "तू एका जागी बसतोस तो फक्त त्या गेमपुढं." त्यांनीच जुना लॅपटॉप दिलाय. त्याचा पंखा बंद आहे, लय तापतो, म्हणून खाली ताटात पाणी घालून ठेवतो. परवा त्या ताटातलं पाणी मांजर प्यायली आणि... असू दे. गेमचं लिहायचं होतं.

लहानपणी तुम्ही सुट्टीवर आलात की सांगायचा. युनिटच्या ऑफिसात जुना कॉम्प्युटर, काळा पडदा, त्यावर हिरव्या रेघांचा रस्ता आणि आपली गाडी. साहेबांचा विक्रम तुम्ही मोडला आणि साहेब दोन दिवस बोलले नाहीत. तीच गेम कुणा परदेशी माणसानं ब्राउझरमध्ये चालेल अशी परत बनवून सगळ्यांसाठी खुली ठेवलेली मला सापडली. एप्रिलमध्ये तुम्हाला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, आणि व्यायाम घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या की बोटांना काम द्या. तवा मी ती गेम उचलली आणि तुमच्यासाठी सुधारायला बसलो. बटणं मोठी केली. वळणाआधी हॉर्न घातला. रस्त्यात आडव्या जाणाऱ्या म्हशी घातल्या. ताईनं तुमच्या टॅबवर टाकताना माझं नाव घेतलं नव्हतं, पण म्हशी बघून तुम्ही ओळखलंत.

डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही म्हटल्यावर जीपची किल्ली ताईनं ठेवून घेतली. तुम्ही रोज मागायचा, म्हणून ती म्हणाली, "दहा टप्पे पार करा तात्या, त्याच दिवशी देते." तिला वाटलं वर्ष जाईल.

मंगळवारी तुम्ही दहावा टप्पा पार केला. ताईनं शब्द पाळला. गल्लीत पेढे वाटले म्हणे. आणि उद्या आठ वाजता, रथाची गर्दी व्हायच्या आत सिद्धनाथाचं दर्शन उरकायला तुम्ही म्हसवडला निघणार. आई मागं, ताईची प्रांजल पुढं.

तात्या, जीप काढू नका.

कारण लिहितो. तुमच्या प्रत्येक खेळीची नोंद माझ्याकडं येते. बोट कुठं पडलं, किती उशिरा पडलं, सगळं. ऑगस्टमध्ये तुम्ही दुसऱ्या टप्प्यात पुलाजवळच्या वळणावर रोज आपटत होता. मग चार दिवस एकही नोंद आली नाही. ताईला विचारलं तर म्हणाली, "भिंतीकडं तोंड करून पडल्यात. जेवत न्हाईत. आता मी कशाच्याच कामाचा न्हाई म्हणत्यात."

पाचव्या दिवशी मी गेममध्ये प्रोग्रामच्या सहा ओळी घातल्या. बाहेरून दिसत नाहीत. तुम्ही उशिरा दाबलं तरी वेळेवर दाबलं असं गेम धरते. तीनदा आपटलात की रस्ता हळूच रुंद होतो आणि म्हैस तुम्ही पोचायच्या आत बाजूला होते. ताईला वाटलं हात सुधारला. तुम्हालाही तसंच वाटलं. पुलाजवळचं ते वळण तुम्ही घेतलं नव्हतं तात्या, मी घेतलं होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं. थोडे दिवस आधार द्यायचा आणि मग हळूहळू काढायचा, असं ठरवलं होतं. पण सप्टेंबरात तुमचा मेसेज आला. "गेम बरी झालीय. म्हशी कमी कर." सैन्यभरतीच्या मैदानावरून मी न पळता निघून आलो, तेव्हापासून दोन वर्षांत तुमचा पहिला शब्द. चाचांना दाखवला. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना दाखवला. आणि त्यानंतर आधार कमी करायच्या ऐवजी मी वाढवत गेलो. तुमच्या हातासाठी नाही. दुसरा मेसेज यावा म्हणून.

परवा ताईला फोन करून सगळं सांगितलं.

"लेका, काय करून बसलास रं?"

"तू किल्ली काढून घे."

"कशी? शर्टाच्या खिशात हाय, झोपताना पण शर्ट काढत न्हाईत. आणि कुठल्या तोंडानं मागू? शब्द माझा गेलाय. केलंस तू, सांग पण तूच."

त्या सहा ओळी मी काल काढल्या. मग तुमच्या गेल्या आठवड्याच्या सगळ्या नोंदी आधाराशिवाय चालवून बघितल्या. तुम्ही दुसरा टप्पा ओलांडता. तिसरा ओलांडता. चौथासुद्धा. पाचव्याच्या मध्यावर आपटता. तिथंपर्यंतचा हात तुमचाच आहे, त्यात माझं काही नाही. पण बोट अजून जवळजवळ एक सेकंद उशिरा पोचतं. कारखाने सुरू झालेत, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आहेत. एका सेकंदात जीप कुठं जाते ते मी तुम्हाला सांगायला नको, तुम्ही लष्कराच्या गाड्या घाटातनं चालवल्यात.

रविवार, पावणेसात

पहिल्या गाडीनं आलो. बाहेर पायरीवर बसून लिहितोय, म्हणून अक्षर असं. जीप धुतलीय, हार घातलाय. आत तुमच्या खोकल्याचा आवाज येतोय. ताईनं दारातनं बघितलं आणि आत गेली. प्रांजल नवा फ्रॉक घालून बाहेर आलीय. "मामा, तू पण येणार? पण पुढं मी बसणार हां, आजोबांनी सांगितलंय." हा कागद तिच्याच हातात देतोय.

टॅब उघडून खात्री करायची तर करा, नको वाटलं तर करू नका. ज्यांना पेढे वाटले त्यांना काय सांगायचं ते मी घरोघर जाऊन सांगतो, माझं नाव घेऊन. मला जे म्हणायचं असेल ते म्हणा. घरात घेऊ नका, पुन्हा दोन वर्षं बोलू नका, चालेल.

फक्त आधी ती किल्ली खिडकीतनं बाहेर टाका. ती हातात पडेपर्यंत मी पायरीवरनं उठत नाही.

तुमचा,
ऋषिराज