राखीव

मुंबई, २ जानेवारी १९९८
ती. नामादादास धनेशचा शि. सा. न.

यंदा एका औषध कंपनीचा कबड्डी संघ. सात वर्षांतला पाचवा. कंत्राट एका हंगामाचे. यादीत राखीव म्हणून नाव आले आहे. खेळ दिसला तर नोकरीत कायम करू, असे साहेब म्हणाले. मागचे साहेबही म्हणाले होते. गुडघा ठीक. आईला कळव.

तुझा धनेश

शहापूर, २० जानेवारी
चि. धनेशला आशीर्वाद.

रविवारी वैशाखऱ्याला जाऊन आईला पत्र वाचून दाखवले. राखीव म्हटल्याबरोबर तिने मला थांबवले. म्हणाली, राखीव जागंवर लागला रे, आता कोण काढतंय त्याला! आपल्याकडे तो शब्द जातीच्या दाखल्याबरोबरच ऐकलेला. मी शाळेत पोरांच्या वेलांट्या सुधारतो. इथे पत्राची घडी घालून खिशात ठेवली. म्हशाच्या जत्रेत तिने जैतूमामाला सांगितले. कायम नोकरीशिवाय आपली पोर रविना तुला देणार नाही म्हणणारा मामा लगेच हो म्हणाला.

मी दयेने गप्प बसलो की भित्रेपणाने, ठरत नाही. तू सांगशील तसे करीन.

नामा

मुंबई, ६ मे
ती. दादास शि. सा. न.

कायम केले नाही. हंगामभर बाकावर होतो. शेवटच्या सामन्यात एकाला लागले, तेव्हा पाच मिनिटे उतरलो. एक चढाई केली. दम टिकला. मी कोणाला शिवलो नाही, मला कोणी धरले नाही. परत आलो.

मामाला तूच खरे सांग. पुण्यात सहाव्या संघाची निवड आहे, तिकडे जातो.

धनेश

शहापूर, २५ मे
चि. धनेशला आशीर्वाद.

सांगितले. मामा ओरडला नाही. एवढेच विचारले, नामा, तू मास्तर ना रे, तुला अर्थ ठावं व्हता का नाय? मी हो म्हणालो. त्याने चहा पुढे सरकवला. मी प्यायलो.

दारातून रविनाने विचारले, मंग राखीव म्हंजे काय? म्हटले, दुसरा कोणी पडला तरच ज्याला बोलावतात तो. ती आत गेली. परवा तिची सुपारी फुटली. मुलगा एस. टी. त कायम आहे.

आईला ते कळले. म्हणाली, पस्तावंल जैतू, आमचा राखीव हाय.

मी पुन्हा गप्प राहिलो.

लोभ ठेव, असे लिहायला हात अडतो. तरी ठेव.

नामा