घड्याळबाई

३ जून
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
कापडाच्या चिंध्यांतून डोकं वर काढून पत्र लिहिलंस, धन्य झाले! पण आईचं खाणं सुटलंय हे वाचून हातातला चहा तसाच निवला. पगारी बाई ठेवलीस ते बरं केलंस. तरी तीस वर्षं वॉर्डात लोकांच्या आया सांभाळल्या, आता शेवटी आपल्या आईजवळ बसावं एवढीच इच्छा आहे. वीस तारखेपासून रजा मिळालीय. येऊ ना?
माझा लोभ आहेच, तुझाही दिसू दे.
ताई

९ जून
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
राग मानू नकोस, पण येऊ नकोस. बाबांचा श्वास थांबला तेव्हा तू मनगटावरचं घड्याळ पाहिलंस, चार वाजून दहा मिनिटं झाल्याचं मोठ्यानं सांगितलंस आणि चादर नीट केलीस. डोळ्यांत टिपूस नाही. त्याच क्षणी मी ओळखलं, ही बाई आतून कोरडी आहे. घरात तुला घड्याळबाई म्हणतात. ते नाव मीच ठेवलंय. आईजवळ मायेचं माणूस हवं.
लोभ कमी करू नये.
धाकटा

१४ जून
चि. धाकट्यास,
आशीर्वाद.
वॉर्डात खाटेजवळ असेल त्या नर्सनं वेळ मोठ्यानं सांगायची, दुसरीनं लिहून घ्यायची, असा रिवाज आहे. बाबांच्या वेळीही ते तोंडातून आपोआप निघालं. नंतर न्हाणीघरात नळ सोडून रडले. तिथे बघायला तू नव्हतास. बॅग भरून ठेवलीय. नुसतं ये म्हण, बाकी काही लिहू नकोस.
वाट पाहणारी,
ताई

४ जुलै
ती. ताईस,
शि. सा. न.
परवा आई गेली. बाईनं हाक मारली तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावत होतो. टाका अर्धवट सोडायचा नाही, ही हाताची सवय. गाठ मारली, दोरा तोडला, सुई जागेवर टोचली, मग उठलो. तोवर संपलं होतं. माझी पोरगी दारातून बघत होती. बाबांना आजीपेक्षा कोट मोठा, असं ती सगळ्यांना सांगत सुटलीय. माझ्याशी बोलत नाही, मी वाढलेलं खात नाही. ताई, मला काही सुचतच नव्हतं गं, हात आपले चालत राहिले. ती तुझं ऐकते. तिला समजाव.
तुझ्या लोभाची आज फार गरज आहे.
धाकटा

१० जुलै
चि. धाकट्यास,
पोरीला लिहिलं. तुझा बाप दगड नाही, एका टाक्यावरून माणसाची परीक्षा करू नकोस, असं सांगितलंय. ऐकेल ती, अजून लहान आहे.
तू मात्र माझ्या कडेवर वाढलास. चाळीस वर्षं ओळखत होतास मला, आणि मी एकदा घड्याळाकडे पाहिलं तर ती सगळी पुसून टाकलीस. सबंध रजा मी भरलेल्या बॅगेशेजारी बसून काढली. हे मी विसरणार नाही.
तुझं पत्र चारदा वाचलं. आई किती वाजता गेली, ते त्यात कुठेच नाही. कुणी पाहिलं होतं का रे?
घड्याळबाई