कामचुकार फांदी

३ जानेवारी, सकाळी
रिटायर होऊन महिना झाला. आजपासून बाल्कनीत फळबाग. अंजीर, डाळिंब आणि संत्रं. संत्रं खास आहे. हिच्या माहेरी सासऱ्यांनी लावलेलं झाड रस्तारुंदीत गेलं. त्याआधी मेहुण्याने त्याच्या काड्या रानटी लिंबाच्या रोपांवर बांधून कलमं केली. जगलं एकच, ते आम्हाला दिलं. ही त्याला ‘बाबांचं झाड’ म्हणते. रोज उन्हात गुडघे शेकायची तिची खुर्ची तिने आपण होऊन आत घेतली. मी म्हटलं, निश्चिंत राहा.

५ जानेवारी
ही म्हणते, भावाला फोन करून नीट विचारून घ्या. विचारायचं काय? उभा जन्म ऑफिसात अ‍ॅडमिन सांभाळलं. माणसं काय, झाडं काय, शिस्त लागते.

१९ जानेवारी
अंजिराची पानं गळली. विश्रांती घेतंय. पाणी वाढवलं.

२ फेब्रुवारी
अंजिराच्या कुंडीला खाली भोकच नव्हतं. चूक कुंडी विकणाऱ्याची. ड्रिलने पाडलं. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई धुतलेला कोट घेऊन वर आल्या. कोटावर चिखल. त्यांनी बराच वेळ युक्तिवाद केला. मी त्यांना मुळांना हवा का लागते ते समजावून सांगितलं. जाताना दार त्यांनीच लावलं, जरा जोरात.

१८ फेब्रुवारी
डाळिंबाच्या कळ्या गळल्या. पहिल्या वर्षी गळतातच, असं मला वाटतं.
चिंता संत्र्याची. वरची फांदी नुसती उभी आहे, नवीन पान नाही. उलट खालून, कलमाला बांधलेल्या पट्टीच्याही खालून, एक कोंब आलाय. काय जोम! अशी होतकरू पोरं ऑफिसात मी पहिल्याच दिवशी हेरायचो.

४ मार्च
निर्णय घेतला. वरची फांदी कामचुकार आहे, बसून पगार खाते. पट्टीच्या वर कात्री लावली आणि साफ उडवली. केराच्या गाडीत टाकूनही आलो. आता सगळं बजेट खालच्या कोंबाला.

२ एप्रिल
संत्रं कठड्याच्या वर गेलं! ही म्हणाली, बाबांचा हातगुण. हातगुण माझा आहे, पण असो.
काटे मात्र बोटभर लांब. ही म्हणाली, बाबांच्या झाडाला एवढे काटे नव्हते. मी सांगितलं, उंचावर वाऱ्यामुळे येतात. तिला पटलं.

३ एप्रिल, दुपारी
काट्यांबद्दल मोबाइलवर सहज पाहिलं. ‘कलमाच्या खालून येणारा फुटवा रानटी रोपाचा असतो, तो लगेच काढावा. वरची काडी म्हणजेच तुमचं झाड.’ चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच.
इंटरनेटवर कोणीही काहीही लिहितं.

४ एप्रिल
आणखी चार ठिकाणी वाचलं. सगळीकडे तेच. मेहुण्याकडे दुसरी काडी मागावी, तर मूळ झाडाच्या जागी आता डांबर आहे. हिला आज सांगायचंच. चहाच्या वेळी सांगणार होतो. चहा झाला. जेवताना सांगेन.

५ एप्रिल
जेवताना बोलू नये, पचन बिघडतं. आणि मेहुणा झाड बघायला येतोय. हिनेच बोलावलंय.

१२ एप्रिल
मेहुणा आला. ही त्याला हाताला धरून बाल्कनीत घेऊन गेली. तो वाकला. पट्टी पाहिली, पट्टीच्या वरचा वाळका खुंट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी वाळलेल्या अंजिराकडे पाहत होतो.
“छान वाढलंय, ताई,” तो म्हणाला.
लिफ्टपाशी मला हळूच म्हणाला, “आता हेच सांभाळा.” त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
ही दिवसभर खुशीत. खुर्ची पुन्हा बाल्कनीत आणून झाडाला खेटून बसली. लेकीला फोन करून सांगितलं, पणजोबांच्या झाडाचं पहिलं संत्रं तुझ्या बाळाला.

१३ एप्रिल
पाणी बंद केलं तर आठवड्यात आटोपेल. ऊन फार होतं, असं सांगता येईल. अंजिराचं उदाहरण घरात आहेच.
बाल्कनीत गेलो. ही काटे चुकवत एकेक पान रुमालाने पुसत होती.
“अहो, आज जरा जास्त घाला,” म्हणाली. “ऊन वाढलंय.”
झारी भरून आणली. घातलं पाणी.