तळाला खिळे असलेले बूट

माँटॉक, २ ऑगस्ट

प्रिय एल्डन,

आम्ही दोघे नवरा-बायको सुखरूप आहोत, हे आधी वाच.

मंगळवारी वादळ आले. अशा वेळी पट्टेरी बास मासे फेसातून थेट खडकांपाशी येतात. मग ऑरिन माझे ऐकतो थोडाच? गेलाच गळ घेऊन खडकांवर. एका लाटेने त्याची टोपी नेली, गळ नेला. तो मात्र घसरला नाही, कारण पायांत तू पाठवलेले खिळ्यांचे बूट होते. माझी लाकडी जमीन खराब होईल म्हणून त्यांवरून मी तुला फटकारले होते.

तेच बूट घालून तो स्वयंपाकघरात आला. म्हणाला, "ओरड आता, लेटी. मासाही गेला." मी त्याला कोरडा टॉवेल दिला.

आईचा गुडघा कसा आहे?

जमिनीला त्या खिळ्यांची भोके पडली आहेत. काल ती घासून सपाट करायला आलेल्या सुताराला मी परत पाठवले.

तुझी ऋणी बहीण,
लेटिशिया