मिसच्या गणिताचा ताळा

किलियन बेट, न्यूफाउंडलंड
१२ जून २०२१

चि. लोयोलास,

ताईचे अनेक आशीर्वाद. फोनवर तू मधेच बोलतोस, म्हणून पत्र.

बेटावर पवनचक्क्या आणि टाक्या उभ्या झाल्या हे तुला ठाऊक आहेच. कंपनी म्हणते, जास्तीच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढू, टाक्यांत दाबून भरू आणि वारा पडला की त्याचीच पुन्हा वीज करू. मग डिझेलचं इंजिन कशाला? ते परत नेणार. पन्नास वर्षं तो धूर खाल्लाय आपण! तीस वर्षं ते इंजिन सांभाळणारा गस करीन आज नाकात ऑक्सिजनची नळी घालून बसतो. त्याचं यंत्रही विजेवरच चालतं.

हिशेब तपासायचं काम गावाने माझ्याकडे दिलं. टाक्यांत साडेदहा हजार युनिटं मावतात. हिवाळ्यात गावाला रोज दीड हजार लागतात. म्हणजे सात दिवस. इथे सात दिवस वारा पडल्याचं आपल्या आजोबांनीही पाहिलं नव्हतं. कागद सोबत जोडलाय. वाच आणि तुझ्या बहिणीचा अभिमान बाळग.

सूनबाईला आशीर्वाद, नातवंडांना पापा, आणि तुला, पत्राचं उत्तर वेळेवर आलं तरच.

तुझी ताई,
बर्नाडीन

*

फोर्ट मॅकमरी, अल्बर्टा
२८ जून २०२१

ती. ताईस,

लोयोलाचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम.

ताई, रागावू नकोस, पण गणित चुकलंय. तीस वर्षं मी इथल्या तेलाच्या कारखान्यात हायड्रोजनच्या टाक्यांखालीच डबा खाल्ला. तुझे साडेदहा हजार म्हणजे वायूतली शक्ती. त्याची वीज करताना निम्मी नुसती ऊब होऊन उडून जाते. भरताना गेली ती वेगळीच. तुझे सात दिवस म्हणजे साडेतीन.

आणि इंजिन नेण्याची एवढी घाई का, ते विचार. या टाक्या वारा पडेल तेव्हाच, वर्षातून तीनदा वापरायच्या, म्हणून त्यातलं एकेक युनिट डिझेलच्या कितीतरी पट महाग पडतं. त्यात शेजारी इंजिनही पोसायचं म्हटलं तर कंपनीच्या कागदावर काही शिल्लकच राहत नाही. तुमचं इंजिन जातंय ते धुरामुळे नाही, बेरीज जुळावी म्हणून. ते जाऊ देऊ नकोस.

वर्गात तुझी चूक दाखवणाऱ्याला तू कोपऱ्यात उभं करायचीस. मी सख्खा भाऊ असून दोनदा उभा राहिलोय. आता पाय दुखतात, तेव्हा एवढी शिक्षा माफ कर.

तुझ्या मायेचा भुकेला,
लोयोला

*

किलियन बेट
१९ जुलै २०२१

चि. लोयोलास,

आशीर्वाद, रागासकट.

तेलवाल्यांचं मीठ खाल्लंस, तेच बोलतंय. पिंपात सात दिवसांचा खारा मासा ठेवला तर सात दिवसच पुरतो. तुझ्या पिंपाला भोक असेल, माझ्या नाही.

परवा चर्चच्या सभागृहात सभा झाली. कोणाला शंका आहे का म्हणून मी तीनदा विचारलं. सगळेच माझे विद्यार्थी, कोणी चकार शब्द काढला नाही. गस उभा राहिला, खोकला, पुन्हा बसला. मी टोकलं तेव्हा म्हणाला, की मिसने केलंय म्हणजे बरोबरच असणार. इतका मठ्ठ होता शाळेत, पण माणूस नम्र. जादा ऑक्सिजनची नळकांडी मागवू का, असं त्याने नंतर विचारलं. मी म्हटलं, सात दिवस वीज आहे, कशाला उगाच घरात अडगळ?

इंजिन काल बोटीवर चढलं. सभागृहात टाकीचा काटा बसवलाय. त्यावर एक ते सात दिवसांचे आकडे मी स्वतः रंगवले.

शहाणपण आलं की लिही.

ताई

*

फोर्ट मॅकमरी
१८ फेब्रुवारी २०२२

ती. ताईस,

सा. न. दोन दिवस तुझा फोन लागत नाही. बातम्यांत म्हणतात, तुमच्याकडे वारा साफ पडलाय, बर्फाने बोट अडलीय. कोण बरोबर, कोण चूक, ते राहू दे. फक्त सगळे आहात ना, एवढं लिही.

लोयोला

*

किलियन बेट
३ मार्च २०२२

चि. लोयोला,

गस गेला.

वारा रविवारी सकाळी पडला. तेव्हा काटा सातवर होता. सोमवारी सकाळी पाचवर. गसची बायको टेरेसा धावत माझ्याकडे आली. एका दिवसात दोन घरं उतरलाय, मिस, आत्ताच हेलिकॉप्टर मागवू या का म्हणाली. सोमवारी आकाश निरभ्र होतं. मी म्हटलं, थंडीने काटा अडकतो, घरी जा. तुझं पत्र माझ्या खणात होतं, लोयोला. मला ते आठवलं आणि तरीही मी असं म्हटलं.

मंगळवारी धुकं उतरलं. त्यानंतर काही उडणं शक्य नव्हतं. बुधवारी संध्याकाळी दिवे गेले. साडेतीन दिवस, तू म्हणालास तसे. गसकडे एकच छोटं नळकांडं होतं. गुरुवारी सकाळी दहाला ते संपलं. आम्ही सगळे त्याच्या चुलीभोवती बसलो होतो. टेरेसाने मला चहा दिला.

शनिवारी वारा आला.

बर्नाडीन

*

किलियन बेट
११ सप्टेंबर २०२२

चि. लोयोलास,

ताईचे आशीर्वाद.

इंजिन परत हवं तर विजेचे दर तिप्पट, असं कंपनीने कळवलं. सरकार म्हणालं, पाऊण गाव तयार असेल तर घरटी पैसे देऊ, बेट सोडा. मतदार चव्वेचाळीस, तेहतीस मतं हवीत.

मतदानाआधी मी सभागृहातल्या फळ्यावर माझं गणित पुन्हा लिहिलं, या खेपेला तुझ्या निम्म्यासकट, आणि म्हटलं, कोणीतरी येऊन ताळा करा. कोणी उठेना. माझ्यापुढे आजही सगळी मान खाली घालून बसणारी मुलंच. ही सवय मीच लावली. मला शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर अलॉयशियसने ती मला लावली होती.

शेवटी टेरेसा उठली. तिने खडू घेतला, ओळन् ओळ तपासली आणि बरोबर आहे म्हणाली. मग पर्समधून गसची इंजिनघरातली वही काढून माझ्या हातात दिली. गेल्या वर्षीच्या जुलैचं, सभेच्या वेळचं पान. अर्ध्याहून जास्त तेल नुसतं तापवण्यात जातं, हे तीस वर्षं इंजिन सांभाळणाऱ्याला कोणी शिकवायचं? त्याने तेच गणित मांडलं होतं. उत्तर आलं होतं साडेतीन. ते त्याने खोडून शेजारी माझे सात लिहिले होते. टेरेसा म्हणाली, की तो सभेहून घरी येऊन हसला, म्हणाला, मी शाळेत कायम नापास, माझंच चुकलं असणार.

तिने राहण्याच्या बाजूने मत दिलं, कारण त्याला इथे पुरलंय. जाण्याच्या बाजूने बरोबर तेहतीस पडली. त्यांतलं एक माझं. माझ्या हिशेबावर या बेटावर पुन्हा कोणी झोपू नये.

डिसेंबरअखेर वीज तोडतील. आज वारा भरपूर आहे. काटा सातवर आहे.

वही टेरेसाला परत दिली. देण्याआधी खोडलेल्या साडेतीनवर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि खाली माझी सही.

लोभ ठेवलास तर ठेव. मागण्याचा हक्क मला राहिला नाही.

ताई