थिनरचा वास

रोहा, ता. ८ जुलै २०२५

ती. ठमाक्कास नमिताचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे, म्हणजे जेवूनखाऊन आहोत. फोनच करणार होते, पण तुझा फोन कायम निलेशच्या हातात आणि तो स्पीकर लावून देतो. ही गोष्ट पोराच्या कानावर नको, म्हणून लिहिते.

शनिवारी भूमिकाच्या शाळेत पालकांना बोलावून नशेवरचा माहितीपट दाखवला. खऱ्या घरांतली नववी-दहावीची पोरं आणि त्यांच्या आया. लाल डोळे, जेवणावरून उडालेलं मन, कपड्यांना वास. शेजारची बाई मध्येच उठून गेली, मी शेवटपर्यंत बसले. रविवारी भूमिका तुमच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखून आली, तर हिचेही डोळे लाल, आणि दप्तरात प्लॅस्टिकच्या पिशवीत थिनरनं भिजलेलं फडकं. विचारलं तर गप्प. आता तिचे बाबा शिफ्टवरून आले की रोज तिचं दप्तर उलटं करतात. ती आमच्याबरोबर जेवत नाही. या शनिवारी तिला पाठवणार नाही. तू तिथं काय पाहिलंस ते खरं कळव.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी जीव लावतेस तसाच लाव.

तुझी
नमिता


जोहे, ता. १२ जुलै २०२५

चि. नमितास अ. उ. आ.

तुझं पत्र आलं. तुझे दाजी वाचून देतो म्हणत व्हते, मी दिलं नाय. चौथी शिकले तरी एवढं वाचता येतं.

तुझं डोकं ठिकाणावर हाय का गो. थिनरच्या वासावरून पोरगी धरायची तर आख्खं जोहे आत टाकावं लागेल. सोनेरी रंगाला थिनर, ब्रश धुवायला थिनर, माझ्या वरणाला पण त्याचाच वास, तुझे दाजी निमूट खातात. डोळ्यांचं म्हणशील तर दिवसभर गणपतीचे डोळे आखत बसून बघ, पापणी हलवायची सोय नाय. आणि रविवारी तिनं माझ्या पुढ्यात सुकट-भाकरी खाल्ली, मी वाढून दमले.

पिक्चर काढणारे काढून गेले नि तू घरात पोलीस झालीस. दप्तर उलटं करणं बंद कर. सण तोंडावर आलाय, मूर्त्या डोळ्यांवाचून बसल्यात. माझा निलेश स्प्रेगन धरून धरून वाळलाय, कामाच्या नादात जेवायचं विसरतो. भूमिका असली की त्याला जरा आधार व्हतो. पुढच्या शनिवारी तिला गाडीत बसवून दे.

पोरीला माझा मुका. तुला अक्कल आल्यावर.

ठमा


रोहा, ता. १६ जुलै २०२५

ती. ठमाक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी भूमिकाला मोठ्यानं वाचून दाखवलं. वरणाला हसली. निलेशचं नाव आलं तशी रडायला लागली. अक्का, पुढचं बसून वाच.

मुलांना तो माहितीपट आमच्या आदल्या दिवशी दाखवला होता. त्यातला पोरगा पिशवी तोंडाशी धरून हुंगतो. रविवारी दुपारी तुमच्या कारखान्यामागं, जुन्या साच्यांच्या ढिगाशी, निलेश तसाच बसलेला तिला दिसला. तिनं पिशवी हिसकावली नि दप्तरात कोंबली.

मला का नाही सांगितलंस, असं विचारलं. म्हणाली, माहितीपटात आईला कळतं तेव्हा ती पोराला घराबाहेर काढते, आणि तो पुलाखाली मरतो. ठमामावशीपण रागाच्या भरात तेच करील. मी म्हणाले, नाही करणार. पण माझाही आवाज खात्रीचा नव्हता.

दप्तर तपासणं थांबवलंय. काय केलंस ते कळव. माझ्यावर चिडलीस तरी चालेल.

तुझी
नमिता


जोहे, ता. २७ जुलै २०२५

चि. नमितास अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. आधी दोन दिवस तुझ्यावरच चिडून व्हते. मग निलेशला समोर बसवला. पहिलं नाय म्हणाला. मग म्हणाला, मे महिन्यापासून. डोळ्यांच्या आखणीला थिनर लागत नाय, मग ते फडकं पोरीचं नव्हं, हे मला ठावं व्हतं गो. पण इथं सगळ्यांनाच वास येतो, त्यात एकाचा कसा ओळखायचा. दुसऱ्या कुणाच्या घरात लगेच कळलं असतं.

मी हात उचलला व्हता. दाराकडं बोट पण केलं. मग पोरगी काय म्हणाली ते आठवलं नि खाली बसले. तुझे दाजी मधी पडले नाय, नुसते दाराला टेकून उभे राहिले.

पेणला सरकारी दवाखान्यात नेला. डॉक्टरीण पोरसवदा. मला बाहेर बसवलं नि त्याच्याशी एकट्याशी बोलली. आता दर मंगळवारी अलिबागला, नशा सोडवतात तिथल्या मोठ्या दवाखान्यात न्यायचा हाय. कधी बरा व्हईल विचारलं, तर म्हणाली मधी एखाद्या वेळी परत करील, घाबरू नका. मला तिचाच राग आला. स्प्रेगन आता आमचा कामगार शिवा धरतो, तोंडाला फडकं बांधून. निलेश मातीकामाला, माझ्या नजरेसमोर. जेवतो कमी, माझ्या शिव्या जास्त खातो.

त्यानं मला विचारलं, पिक्चरमधल्या पोराचं शेवटी काय व्हतं. मी म्हणाले, मी बघितला नाय. बघितला नायच ना.

भूमिकाला सांग, काल परत त्याच्या तोंडाला वास आला. मी एवढी ओरडले की शेजारची विमलबाई वाटेवर येऊन उभी राहिली. पण ओरडले ती घरात बसून, नि तो पण घरातच बसून ऐकत व्हता. मग दोघं जेवलो.

पोरगी यायला तयार असली तर पाठव, नसली तर नको. माया हाय तशी ठेव, सध्या मला लागेल.

ठमा