अकरा नंबरांचा फाटा

साखर कारखाना वसाहत,
जि. अहमदनगर
२२ एप्रिल १९७३

प्रिय रंगनाथ,

तुझं डिसेंबरातलं पत्र अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. 'माझा प्रोग्रॅम अजून चालतोय की माझ्या नावानं रोज शिव्या देतोस?' असं तू विचारलं होतंस. तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण मी भलताच खुशीत होतो आणि काम पुरं करून तुला एकदम चकित करायचं ठरवलं होतं. आज उत्तर लिहायला बसलोय तर सकाळपासून तीन कागद फाडून झाले. हा चौथा. कसाही उतरला तरी हा मी फाडणार नाही.

शिव्या देत होतो, हे खरं. तू जमशेदपूरला गेलास आणि तुझा प्रोग्रॅम माझ्या गळ्यात पडला. बाहेरून सगळं सोपं होतं: प्रत्येक सभासदाचं एक कार्ड, त्यावर गाव, उसाची जात, लागणीची तारीख, नवी लागण की जुन्या बुडख्यांचा खोडवा. कार्डांचे खोके जीपमधून पुण्याला जायचे, तिथल्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर तुझा प्रोग्रॅम चालायचा आणि कुणाचा ऊस कोणत्या आठवड्यात तोडायचा याची यादी छापून यायची. पण आत डोकावलं की गड्या, डोळे फिरायचे. दर हंगामात शेतकी अधिकारी आबासाहेब काहीतरी नवं सांगणार आणि तू मध्येच एक 'जर' घुसवणार. जर अमुक असेल तर दोनशेव्या ओळीवर जा, तिथून परत चाळिसाव्यावर ये. कुठे का गेलो आणि कुठून आलो, हे तुझं तुलाच ठाऊक. माझ्यासाठी दोन शब्दांची टीप लिहून ठेवायला तुझा हात झिजणार होता का, असं मी तेव्हा म्हणायचो. आजही म्हणतो, पण आता तोंड वर करून म्हणायची सोय राहिलेली नाही.

पावसाळ्यात कारखान्याला काम नसतं, आणि यंदा तर पाऊसही नव्हता. मी तुझं सगळं लिस्टिंग, म्हणजे प्रोग्रॅमची छापील प्रत, गेस्ट हाऊसच्या हॉलमध्ये फरशीवर पसरलं आणि खडू घेऊन बसलो. ओळी मोजून काही कळत नाही, हे पहिल्याच दिवशी ध्यानात आलं. सरळ जाणाऱ्या शंभर ओळी कुणीही वाचेल. माणूस अडखळतो तो फाट्यावर, म्हणजे तुझ्या प्रत्येक 'जर'पाशी. म्हणून फाटे मोजले. त्र्याहत्तर निघाले! प्रत्येक फाट्याला दोन वाटा, म्हणजे वाचणाऱ्यानं मागच्या सगळ्या वाटा डोक्यात धरून पुढे चालायचं. मग मी एक नियम केला: प्रोग्रॅमचे तुकडे पाडायचे, एक तुकडा एका कागदावर मावला पाहिजे, त्याला आत जायची वाट एक आणि बाहेर यायची एक, आणि एका तुकड्यात आठांहून जास्त फाटे नकोत. आठच का म्हणशील, तर त्याच्यापुढे माझंच डोकं चालेना.

मोजायचं दुसरं मापही काढलं होतं. आपल्याकडे कार्डं पंच करायला विजयमाला नावाची मुलगी लागली आहे, नगरच्या कॉलेजातून नुकतीच बीएस्सी झालेली, हुशार आणि फटकळ. तिला एका सभासदाचं कार्ड द्यायचं आणि म्हणायचं, याचा ऊस कोणत्या आठवड्यात लागेल ते प्रोग्रॅम वाचून सांग. तुझ्या प्रोग्रॅमवर तिनं तीन दिवस घालवले आणि चौथ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून घरी गेली. माझा हातात आल्यावर चहा निवायच्या आत तिनं आठवडा सांगितला. त्या दिवशी मी वसाहतीतून असा चाललो, जणू माझा सत्कार होता. तीच पोरगी मात्र जाता जाता म्हणाली, "सर, वाचता तर येतंय. पण बरोबर आहे का, ते वाचून कसं कळायचं?" मी हसण्यावारी नेलं.

आता खरं सांगायचं ते सांगतो. फाटे कमी करताना बरेच मेलेले सापडले. एक जात तर चार वर्षांत कुणी लावलीच नव्हती. असा प्रत्येक फाटा मी आबासाहेबांना विचारून काढला. एक सोडून. त्या फाट्यात ना गाव होतं ना जात, नुसते सभासद नंबर होते, ४१७ पासून ४२७ पर्यंत, अकरा. यांचा ऊस कसाही असो, जानेवारी अर्धा सरायच्या आत यादीत घ्यायचा. नंबर रजिस्टरात पाहिले. सगळे पुणतांब्याचे. ४१९ वर नाव होतं मुक्ताबाईचं, आपल्या आक्काचं.

मी काय समजलो असेन ते तू ओळखलंस. तू जायच्या आधी आक्काशी तुझं हक्कसोडपत्रावरून बिनसलं होतं. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क तिनं सोडावा म्हणून तू मागे लागलेला, आणि तिनं अंगठा दिलेला नव्हता. मला वाटलं, बहिणीची मर्जी राखायला भावानं तिचा नंबर पुढे घेतलाय आणि एकटीचा दिसू नये म्हणून शेजारचे दहा भाऊबंद जोडीला घेतलेत. पत्र टाकून विचारता आलं असतं. पण विचारणं म्हणजे तुझ्यावर आळ घेणं. आणि आबासाहेबांना विचारणं म्हणजे तुझी चहाडी. म्हणून मी फार मोठ्या मनानं गप्प बसलो आणि तो फाटा उडवला. मित्राचं पाप गुपचूप धुऊन टाकल्याचं समाधानसुद्धा मला वाटलं, रंग्या. हे लिहिताना स्वतःची इतकी चीड येते की पेन टाकून उठावंसं वाटतं.

मागच्या हंगामाची कार्डं दोन्ही प्रोग्रॅममधून काढून याद्या ताडून पाहिल्या होत्या. अकरा नावं सोडून सगळं तंतोतंत जुळलं. त्या अकरांपुढे मी लाल शाईनं 'मुद्दाम केलेला बदल' असं लिहिलं. आणि प्रोग्रॅमची जुनी-नवी कार्डं मिसळून घोटाळा नको म्हणून तुझ्या कार्डांचा सगळा जुडगा स्वतःच्या हातानं फाडून बॉयलरकडे पाठवला. जुनं लिस्टिंगही त्यातच गेलं. स्वच्छतेची हौस म्हणतात ती हीच.

जानेवारीत आमचे बाबा ऊसतोडीच्या टोळीबरोबर आले. आमच्या तिसगावकडे यंदा जनावरांना पाणी नाही, माणसं सगळी इकडेच. बाबा पाचटाच्या कोपीपुढे बैलांना उसाचं वाढं टाकत होते, मी यादी घेऊन उभा होतो. ते म्हणाले, "गोरक्षा, नदीपल्याडचा ऊस औंदा आदी न्हाई का? दर साली आमी पयला त्योच तोडतो." मी सांगितलं, चौदाव्या आठवड्यात आहे. ते म्हणाले, "पानी सुटल्यावर गाड्या कुठून न्यायाच्या?" मी म्हटलं, यंदा नदीला पाणी आहे कुठे, दुष्काळ आहे. त्यांनी बैलाची पाठ थोपटली. मग म्हणाले, "तुमचं मशीन शिकल्यालं हाय, त्याला ठावं असंल." त्या अकरांचं रान नदीपलीकडे, आणि वरून पाणी सुटलं की गाड्यांचा उतार बंद, हे माझ्या बापाला ठाऊक होतं, तुला ठाऊक होतं, पुणतांब्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आबासाहेबांनाही पूर्वी ठाऊक असणार, पण तीन वर्षं छापील यादीवर सही करून करून त्यांच्या डोक्यातून ते उतरून गेलं. ते फक्त तुझ्या त्या एका फाट्यात उरलं होतं, आणि तो मी काढला.

दुष्काळ होता म्हणूनच पाणी सुटलं. खालच्या गावांना प्यायला नाही म्हणून जानेवारीच्या शेवटी वरून सोडलं, ते मार्चअखेरपर्यंत चालू राहिलं. उतारावर छातीएवढं पाणी. पलीकडच्या अंगानं फिरून यायचं तर चोवीस मैल, भरल्या गाडीचे बैल अर्ध्यात बसतील. बाकीचा ऊस थोडा, म्हणून कारखान्याचा पट्टा लवकर पडला, गाळप बंद झालं. अकरा जणांचा ऊस उभ्यानं तुरे येऊन वाळला. मी काय काय केलं नाही! आबासाहेबांना घेऊन तीनदा नदीवर गेलो, पाटबंधारेवाल्यांचे पाय धरले, ट्रकवाल्यांना विनवलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. शेवटी पाणी ओसरल्यावर छावणीच्या गाड्या येऊन तो ऊस जनावरांसाठी घेऊन गेल्या. माझ्यासमोर.

फेब्रुवारीत आक्का ऑफिसात आली होती. दाजी गेल्यापासून ते शेत ती एकटी बघते. खुर्ची दिली तरी बसली नाही. म्हणाली, "आमचा नंबर कुनी काढला रं, गोरक्षा?" रंगनाथ, मला बोलायचं होतं. ओठावर आलं होतं. ऑफिसात सहा माणसं होती, आबासाहेब होते. मी म्हणालो, यादी मशीन काढतं, आक्का. तिनं विचारलं, "आन् मशीनला सांगितलं कुनी?" मी समोरची यादी चाळत राहिलो. भिंतीवर टांगलेल्या नव्या प्रोग्रॅमच्या पहिल्या पानावर अजून तुझंच नाव होतं, ते कुणीतरी तिला वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "व्हय. अंगठा न्हाई दिला ना मी." आणि निघून गेली. मी तिच्या मागे पायऱ्यांपर्यंतसुद्धा गेलो नाही.

दोन महिने झोप नाही. भूक नाही. परवा, शुक्रवारी, शेवटी धीर करून पुणतांब्याला गेलो आणि तिला सगळं सांगितलं, अगदी तुला लिहिलंय तसं. माझा प्रोग्रॅमही नेला होता, तो सात कागदांचा, कुणालाही वाचता येणारा. ओट्यावर पसरला आणि म्हटलं, इथे तो फाटा होता, तो रंगनाथनं तुमच्या भल्यासाठी घातला होता, मी काढला. ती वाकून बघत राहिली. तिथे काय दिसणार? नसलेली ओळ कशी दाखवायची माणसाला? तुझं लिस्टिंग मी जाळलेलं. बोट ठेवायला माझ्याकडे कोरी जागा होती. मी रडलो तिच्यापुढे. तिनं पदरानं माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "भाऊ भाऊ म्हनून त्याचं पाप तू कशाला रं अंगावर घितो? पाठचा तसला निगाला, आन् परका असून तू एवढं करतो." जितकं समजावलं तितकी माझी किंमत तिच्या मनात वाढत गेली. खरं सांगून माणूस असा अडकतो, हे मला माहीत नव्हतं.

हे सारं आज लिहिण्याचं कारण असं. तेरा मे, रविवार, आक्काच्या मनूचं लग्न आहे पुणतांब्याला, दुपारी बाराचा मुहूर्त. तुला पत्रिका येणार नाही. आक्कानं तुझं नाव पत्रिकेतून काढलं आहे, आणि परवा निघताना माझ्या हातात अक्षता ठेवून ती म्हणाली की पोरीच्या पाठीशी मामा म्हणून तू उभा राहा. मी नाही म्हणू शकलो नाही. छापायला गेलेल्या पत्रिकेत आता तुझ्या जागी माझं नाव आहे. तू आलास तर ती कदाचित तोंड फिरवील, भाऊबंदांत बोलाचाली होईल, काय होईल ते मला सांगता येत नाही. तरी बोलावण्याची वाट बघू नकोस. तुझ्या ट्रंकेत जुनं लिस्टिंग असलं तर घेऊन ये, नसलं तर तसाच ये. तू नाही आलास तर त्या दिवशी मी तिथे उभा असेन, रंगनाथ, आणि सगळा गाव मला चांगला म्हणेल.

तुझाच,
गोरक्षनाथ